इंजेक्शन देऊनही गोठ्यात गोचीड ताप परत परत का येतो?

नाशिक जिल्ह्यात सिन्नर, निफाड, येवला, चांदवड भागातल्या संकरित गाईंच्या गोठ्यांची पावसाळ्यातली तक्रार ठरलेली असते. गाय चारा सोडते, थर्मामीटर १०५ दाखवतो, डॉक्टर महागडं इंजेक्शन देतात आणि गाय सावरते. दीड-दोन महिन्यांनी त्याच दावणीवरची कालवड तशाच तापाने बसते. पुन्हा इंजेक्शन, पुन्हा अंगावर फवारणी, आणि दिवाळीच्या आसपास तिसरं जनावर. औषध बनावट निघालं इथपासून एचएफची (होल्स्टीन फ्रिजियन) जातच नाजूक इथपर्यंत सगळी कारणं काढून होतात.

खरं कारण बहुतेक वेळा गाईच्या अंगावर नसतंच. आज ज्या गोचिडाने गाय आजारी पाडली, त्याने आजाराचा परजीवी (रक्तात वाढणारा सूक्ष्म जीव) आपल्या आधीच्या अवस्थेत, बऱ्याचदा दुसऱ्याच जनावराच्या रक्तातून घेतलेला असतो. मधले आठवडे त्याने गव्हाणीच्या नाहीतर भिंतीच्या भेगेत काढलेले असतात. इलाज गाईचा होतो, भेगेचा होत नाही. म्हणून आधी कोणता आजार आहे ते ठरवायचं, तो कोणत्या गोचिडातून येतो ते बघायचं आणि मगच फवारणीचं वेळापत्रक बांधायचं.

एका नावाखाली तीन आजार

आपण सरसकट गोचीड ताप म्हणतो, पण त्यात निदान तीन वेगळे आजार येतात आणि तिघांना मिळून एकच औषध चालत नाही.

थायलेरिओसिस संकरित जनावरांत सगळ्यात जास्त नुकसान करतो. ताप १०४ ते १०७ अंश फॅरेनहाइट, दूध एकदम घसरतं, डोळ्यांतून पाणी येतं, खोकला आणि धाप लागते. याची मुख्य खूण म्हणजे सुजलेल्या लसिका गाठी. खांद्याच्या पुढे, मान जिथे खांद्याला मिळते तिथे चार बोटं आडवी फिरवा. निरोगी गाईत गाठ जेमतेम लागते, आजारी गाईत ती अंड्याएवढी होऊन बोटांखाली सरकते. दुसरी गाठ मांडीच्या पुढे, कुशीच्या खाली असते. दोन्ही बाजू चाचपा, कारण सूज कधीकधी एकाच बाजूला असते, आणि बहुधा ज्या भागात गोचीड चावला त्या भागाची गाठ आधी सुजते. लहान वासरांत डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. पुढच्या टप्प्यात पापणीची आतली बाजू पांढरी पडते, तिच्यावर बारीक लाल ठिपके दिसतात.

बबेसिओसिसमध्ये तापासोबत लघवी लाल, पुढे कॉफीच्या रंगाची होते, कारण परजीवी तांबड्या पेशी रक्तातच फोडतात. गाठी सुजत नाहीत. हा आजार मोठ्या गाईंना जास्त झोडपतो. साधारण नऊ महिन्यांखालची वासरं तो बऱ्यापैकी पचवतात. इथे एक सावधगिरी हवी. गाय व्यायल्यावर दोन-चार आठवड्यांत लघवी लाल झाली आणि ताप नसेल, तर फॉस्फरसच्या कमतरतेचा विचार आधी करावा लागतो. त्या गाईला बबेसियाचं औषध देऊन काही होत नाही, उलट वेळ जातो.

तिसरा ॲनाप्लाज्मोसिस. याचा जंतू खरं तर जिवाणू आहे, पण राहतो तांबड्या पेशीतच, म्हणून लक्षणांत घोटाळा होतो. पापण्या पिवळट-पांढऱ्या, शेण कडक आणि काळपट, गाय दिवसागणिक खंगते, मात्र लघवी लाल होत नाही. हा आजार गोचिडाखेरीज चावणाऱ्या माश्यांतून आणि सुईतूनही पसरतो. लसीकरणाच्या वेळी एकच सुई दहा जनावरांना फिरली की गोचीड नसलेल्या गोठ्यातही तो येऊ शकतो. प्रत्येक जनावराला वेगळी सुई हा हट्ट धराच.

दोन गोचीड, दोन वेगळे रस्ते

गाईच्या अंगावरचा गोचीड काढून पांढऱ्या ताटलीत ठेवा आणि मोबाईलच्या कॅमेऱ्याने मोठा करून बघा. पाय लांब, त्यांवर फिकट पट्टे, तोंडाचा भाग पुढे लांब आलेला आणि सोडल्यासोडल्या झपाट्याने पळणारा असेल तर तो हायलोमा. थायलेरिया तोच पोहोचवतो. त्याचे प्रौढ बहुधा कासेभोवती, शेपटीच्या मुळाशी आणि योनीच्या आजूबाजूला चिकटलेले सापडतात. पाय आखूड, तोंड अगदी लहान, मादी फुगल्यावर राखाडी-निळसर आणि एक सेंटिमीटरच्या आसपास असेल तर तो बूफिलस, ज्याला आता ऱ्हिपिसेफॅलस मायक्रोप्लस म्हणतात. हा पोळीवर (गळ्याखाली लोंबणाऱ्या कातडीवर), मानेखाली, पोटावर आणि मांडीच्या आत झुपक्याने असतो. बबेसिया आणि बऱ्याच अंशी ॲनाप्लाज्मा याच्यातून येतात.

हायलोमाचं जीवनचक्र बहुधा तीन जनावरांवर पुरं होतं. अंड्यातून सहा पायांचं पिल्लू निघतं, एका जनावराचं रक्त पिऊन खाली पडतं, भेगेत कात टाकतं आणि आठ पायांचं निम्फ होतं. निम्फ पुन्हा वर चढतं, पितं, पडतं, कात टाकतं आणि प्रौढ होतं. प्रौढ तिसऱ्यांदा चढतो. थायलेरियाने हीच संधी साधली आहे. पिल्लू किंवा निम्फ बाधित गाईचं रक्त पितं तेव्हा तांबड्या पेशींतले परजीवी त्याच्या आतड्यात उतरतात. तिथे नर-मादी रूपं एकत्र येतात आणि त्यातून तयार झालेलं सरकणारं रूप, गोचीड कात टाकण्याच्या सुमारास, लाळग्रंथीत जाऊन बसतं. मग थांबून राहतं. गोचीड पुन्हा जनावरावर चिकटून पिऊ लागला की लाळग्रंथीत हजारो स्पोरोझोइट (गाईला बाधा करणारी परजीवीची रूपं) तयार होतात आणि लाळेबरोबर गाईच्या कातडीत उतरतात. याला साधारण दोन-तीन दिवस लागतात.

गोचीड काही डासासारखा टोचून उडत नाही. तो आधी कातडी कापतो, मागे वळलेल्या दातांची नळी आत रोवतो, भोवती सिमेंटसारखा चिकट पदार्थ ओततो आणि रक्त गोठू नये म्हणून लाळ सोडत राहतो. पहिले दिवस सावकाश जातात, फुगतो तो शेवटी. रक्त पिणं आणि लाळ सोडणं हे आळीपाळीने चालतं, आणि आजार पोहोचतो तो याच लाळेतून. म्हणून थायलेरियाच्या बाबतीत एक दिवसाच्या आत काढलेला गोचीड आणि चार दिवसांनी टम्म झालेला गोचीड यांत फार मोठा फरक आहे. मोठा फुगलेला दिसल्यावर काढणं गोठ्यासाठी उपयोगाचंच आहे, त्या गाईसाठी मात्र उशीर झालेला असतो.

थायलेरिया अंड्यातून पुढच्या पिढीत जात नाही. हायलोमाची नवी पिल्लं स्वच्छ जन्मतात, आणि ती बाधित होतात तुमच्याच गोठ्यातल्या बऱ्या झालेल्या गाईवर. आजारातून उठलेली गाय बरेच महिने, कधी वर्षानुवर्षं रक्तात थोडे परजीवी बाळगून असते. दिसायला ती ठणठणीत असते. इगतपुरी-त्र्यंबकच्या बाजूच्या डांगी किंवा इतर गावठी जनावरांत हे जास्तच दिसतं. ती आजार सोसतात, फारशी आजारी पडत नाहीत, पण शेजारच्या दावणीवरच्या एचएफसाठी परजीवींचा साठा तिथे कायम असतो. दोघांना वेगळं बांधून उपयोग नाही. मधला गोचीड तोडला तरच उपयोग.

बूफिलसचं उलट आहे. त्याचं पिल्लू एकदा चढलं की निम्फ, प्रौढ सगळं त्याच गाईवर होतं आणि साधारण तीन आठवड्यांनी फुगलेली मादी खाली पडते. एकाच जनावरावर जन्म काढणारा गोचीड दुसऱ्या जनावराला आजार कसा देणार? याचं उत्तर अमेरिकेत थिओबाल्ड स्मिथ आणि फ्रेड किलबोर्न यांनी १८९३ मध्ये दिलं. त्यांनी अंड्यांतून उबवलेली, कधीही रक्त न प्यायलेली पिल्लं निरोगी गाईवर सोडली आणि गाय आजारी पडली. म्हणजे परजीवी आईच्या अंडाशयातून अंड्यात आणि अंड्यातून पिल्लात जातो. बबेसिया बायजेमिना हा परजीवी पिल्लू चिकटल्यानंतर साधारण नवव्या दिवसापासून, निम्फ अवस्थेत, गाईच्या रक्तात उतरू लागतो. एक मादी दोन-तीन हजार अंडी घालते. बाधित मादी फुगून खाली पडू दिली तर दीड-दोन महिन्यांनी तिची आधीच बाधित पिल्लं गवतावर बसलेली असतात. इथे लक्ष द्यायचं ते मादी पडू न देण्याकडे.

रक्त तपासा, आणि ते इंजेक्शनच्या आधी

परत परत येणाऱ्या तापात सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. लक्षणांवरून अंदाजे औषध होतं, ताप उतरला तर ठीक, नाही उतरला तर दुसरं औषध, आणि तिसऱ्या दिवशी रक्त पाठवायचं ठरतं तोवर परजीवी रक्तात दिसेनासे झालेले असतात. स्लाइड, म्हणजे रक्ताचा पातळ थर ओढलेली काच, ताप असतानाच, औषध द्यायच्या आधी बनवावी.

कानाच्या टोकावरचे केस कापून जागा स्पिरिटने पुसा आणि सुकू द्या. नवी सुई टोचून आलेला थेंब स्वच्छ काचेवर घ्या. दुसऱ्या काचेच्या कडेने तो साधारण ४५ अंशांच्या कोनात एका झटक्यात ओढा. थर पातळ, शेवटाला पिसासारखा विरळ होणारा हवा. जाड थरात पेशी एकमेकींवर चढतात आणि काही दिसत नाही. हवेत वाळवा, फुंकर मारू नका, माश्या बसू देऊ नका. गाईचा क्रमांक काचेच्या कडेला पेन्सिलने लिहा, कारण मेथिल अल्कोहोलमध्ये पेनाची शाई जाते. काच एक-दोन मिनिटं मेथिल अल्कोहोलमध्ये बुडवली की नमुना पक्का होतो, मग तो गिम्झा रंगासाठी (याने परजीवी सूक्ष्मदर्शकात दिसतात) प्रयोगशाळेत जातो. सोबत जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए नळीत (हिच्यात रक्त गोठत नाही) दोन-तीन मिली रक्त घेऊन नळी हलकेच उलटसुलट करा आणि बर्फाच्या डब्यात पाठवा. बर्फाला थेट टेकू देऊ नका आणि डीप फ्रीजमध्ये तर मुळीच ठेवू नका, पेशी फुटतात.

गाठ सुजलेली असेल तर डॉक्टरांना गाठीतला नमुना घ्यायला सांगा. थायलेरियाच्या सुरुवातीच्या दिवसांत तांबड्या पेशींत फारसं काही नसतं, पण गाठीतल्या पांढऱ्या पेशींत कॉखचे निळे कण, म्हणजे तिथे वाढणारे परजीवी, दिसतात आणि निदान पक्कं होतं. गोचीड चावल्यापासून ताप येईपर्यंत एक ते तीन आठवडे जातात, त्यातला बराच काळ परजीवी पांढऱ्या पेशींतच वाढत असतात.

अहवाल वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. चांगलं खाणाऱ्या, ताप नसलेल्या गाईच्या स्लाइडवर तुरळक थायलेरिया दिसला तर ती जुनी वाहक असू शकते. अशा गाईला लगेच इंजेक्शन टोचायची घाई नको. ताप, गाठी, हिमोग्लोबिन आणि स्लाइड हे सगळं एकत्र धरून डॉक्टर ठरवतील. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून नमुना पुढे जातो, आणि फिरत्या पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

इंजेक्शन झालं तरी ताप उतरत नाही तेव्हा

थायलेरियावर बुपार्वाक्वोन हे मुख्य औषध. मात्रा वजनाच्या किलोला २.५ मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅम प्रति मिली तीव्रतेच्या बाटलीतून दर २० किलोला १ मिली, मानेच्या स्नायूत. औषध महाग असल्याने हात आखडला जातो, आणि अपयशाचं पहिलं कारण हेच. ४३० किलोच्या गाईला १५ मिलीत भागवलं की परजीवी दबतात, मरत नाहीत. वजन नजरेने धरू नका. टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, दोन्ही इंचांत मोजा. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे किलोत वजन. घेर ७० आणि लांबी ५८ असेल तर ४९०० गुणिले ५८ भागिले ६६०, सुमारे ४३० किलो. औषध साडेएकवीस मिली. ते एका जागी ओतायचं नाही. एका ठिकाणी १० मिलीपेक्षा जास्त नको, म्हणजे इथे तीन जागा. गरज पडली तर डॉक्टर ४८ ते ७२ तासांनी दुसरी मात्रा देतात.

दुसरं कारण, आजारच वेगळा. बबेसियावर डायमिनाझिन किंवा इमिडोकार्ब, ॲनाप्लाज्मावर ऑक्सिटेट्रासायक्लिन किंवा इमिडोकार्ब लागतं. बुपार्वाक्वोन या दोन्हींवर भरवशाचं नाही. आणि एकाच गाईत दोन आजार एकत्र असणं आपल्याकडे नवल नाही, कारण एकाच अंगावर दोन्ही जातींचे गोचीड असतात.

तिसरं, उशीर. परजीवी मेले तरी फुटलेल्या पेशी परत येत नाहीत. हिमोग्लोबिन ५ ग्रॅमच्या खाली गेलेल्या गाईला नुसतं लोहाचं टॉनिक पुरत नाही, रक्त चढवण्याचा विचार करावा लागतो, आणि गायीला गायीचं रक्त देणं दवाखान्यात होऊ शकतं. अशा गाईला उन्हात चालवत टेम्पोपर्यंत नेणंही जिवावर बेतू शकतं, डॉक्टरांनाच गोठ्यात बोलवा. फुफ्फुसात पाणी भरून धाप लागलेली गाय सलाईन वेगाने दिल्यास आणखी बिघडते, त्यामुळे हौशी माणसाच्या हाती सलाईन देऊ नका.

इराण, ट्युनिशिया यांसारख्या देशांत बुपार्वाक्वोनला न जुमानणारे थायलेरिया सापडले आहेत. म्हणूनच कमी मात्रा देत राहण्याची सवय धोक्याची. पण पूर्ण मात्रा, पक्कं निदान आणि वेळेवर सुरुवात या तिन्ही गोष्टी तपासल्याशिवाय औषध चालत नाही असं म्हणू नये.

फवारणी फसते ती कुठे

बाजारात मिळणारी नेहमीची औषधं तीन. डेल्टामेथ्रिन १.२५ टक्के, लिटरला २ मिली. अमिट्राझ १२.५ टक्के, लिटरला २ मिली. सायपरमेथ्रिन १० टक्के, लिटरला १ मिली. बाटलीवरचा टक्का आधी वाचा, कारण सगळं गणित त्याच्यावर आहे. शेतीच्या दुकानातलं २५ टक्क्यांचं सायपरमेथ्रिन किंवा क्लोरपायरिफॉस गाईच्या अंगावर मारू नका. त्यातले द्रावक आणि तीव्रता जनावरासाठी नाहीत, विषबाधा होते. द्राक्षबागेचा, तणनाशकाचा पंप धुऊन वापरणंही नको. गोठ्याचा पंप वेगळा ठेवा, त्यावर तसं रंगाने लिहा.

मोठ्या गाईला ३ ते ५ लिटर द्रावण लागतं. पाच गाई असतील तर २० लिटर पाणी आणि ४० मिली डेल्टामेथ्रिन. बहुतेक गोठ्यांत एका गाईला अर्धा-एक लिटर मारला जातो, पाठ ओली दिसते आणि काम झालं असं वाटतं. पाठीवर गोचीड नसतातच. नोझल केसांच्या उलट दिशेने धरा आणि कातडी भिजेपर्यंत मारा. कानाच्या आत हातमोज्याने किंवा कपड्याने लावा. पोळीच्या घड्या, काखा, कासेची मागची बाजू, दोन मांड्यांमधला भाग, शेपूट उचलून तिच्याखाली, शेपटीचा गोंडा आणि खुरांच्या बेचक्यात द्रावण पोचलंच पाहिजे. सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर, पाऊस नसताना मारा. आधी पाणी पाजा म्हणजे जनावर अंग चाटत नाही, सुकेपर्यंत मुसके बांधा. धार काढल्यानंतर फवारा आणि पुढच्या धारेआधी कास स्वच्छ धुवा. आजारी, खूप लहान किंवा उन्हाने धापलेल्या जनावरावर फवारू नका. अमिट्राझ घोड्याला चालत नाही आणि डेल्टामेथ्रिन मांजराला. उरलेलं द्रावण ओढ्यात, विहिरीजवळ ओतू नका, मासे मरतात. कालवलेलं द्रावण दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका.

पुन्हा फवारणी १५ दिवसांनी, आणि अशी किमान तीन-चार वेळा. बूफिलसचा गाईवरचा मुक्काम तीन आठवड्यांचा असल्याने १५ दिवसांच्या अंतराने नवी मादी फुगून पडायच्या आत सापडते. महिन्याने एकदा फवारलं तर एक पूर्ण पिढी अंडी घालून मोकळी होते. त्याच दिवशी शेळ्या, बैल, वासरं, भाकड गाई सगळ्यांवर फवारा. दूध देतात तेवढ्याच गाई फवारल्या की बाकीच्या अंगांवर साठा शिल्लक राहतो.

आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शनवर बरेच जण विसंबतात. ते बूफिलसवर बरं काम करतं, हायलोमाच्या प्रौढावर तेवढं नाही. शिवाय ते दुधात उतरतं, म्हणून दुभत्या गाईला देऊ नये.

सगळं नीट करूनही गोचीड मरत नसतील तर औषधाला प्रतिकार आला आहे का ते घरीच ढोबळ बघता येतं. फवारणीच्या आधी वीस फुगलेल्या माद्या गोळा करा. दहा माद्या तुम्ही मारता त्याच प्रमाणाच्या ताज्या द्रावणात दोन मिनिटं बुडवा, दहा साध्या पाण्यात. कागदावर टिपून दोन वेगळ्या काचेच्या बरण्यांत ठेवा, तोंडाला बारीक कापड घट्ट बांधा आणि सावलीत दोन आठवडे ठेवा. पाण्यातल्या माद्या तपकिरी अंड्यांचे ढीग घालतील. औषधातल्या माद्यांनीही जवळपास तेवढेच ढीग घातले तर औषधाचा गट बदला. डेल्टामेथ्रिन सोडून सायपरमेथ्रिन घेणं म्हणजे बदल नव्हे, दोन्ही एकाच गटातली आहेत. त्यांच्याऐवजी अमिट्राझ घ्या. अमिट्राझने माद्या लगेच मरताना दिसत नाहीत, पण गळून पडतात आणि अंडी कमी घालतात, म्हणून निकाल अंड्यांवरून लावायचा. काम झाल्यावर दोन्ही बरण्यांत उकळतं पाणी ओता.

भेगा

हायलोमाचे उपाशी प्रौढ काही न खाता कित्येक महिने भेगेत तग धरतात. दगडमातीच्या भिंती, फुटलेला गव्हाणीचा काठ, दावणीच्या खुंट्यांची भोकं, पत्र्याखालची लाकडं, कुडाला टेकून रचलेल्या विटा, ही त्यांची घरं. रात्री विजेरीने बघा, दिवसा दिसत नाहीत ते तेव्हा फिरताना दिसतात.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी चारा, गोण्या, अडगळ बाहेर काढा आणि शेण-धूळ खरवडून उचला. मग लेबलवर गोठ्यासाठी दिलेल्या प्रमाणात औषध भेगांच्या आत, जमिनीपासून माणसाच्या उंचीपर्यंत मारा. दुसऱ्या दिवशी भेगा सिमेंटने लिंपा, आत राहिलेले कोंडले जातात. चुना त्यानंतर. चुन्याच्या पाण्यात डेल्टामेथ्रिन किंवा सायपरमेथ्रिन मिसळायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे आणि ती चुकीची आहे. चुना अल्कधर्मी असतो, त्यात ही औषधं विघटित होऊन निकामी होतात. ताज्या चुन्याच्या भिंतीवर फवारलं तरी तेच. अमिट्राझला चुन्याने असा त्रास होत नाही, म्हणून नुकताच चुना दिलेल्या गोठ्यात तेच वापरा. दगडी भिंतींना फ्लेम गन (आगीचा झोत सोडणारं यंत्र) चांगली चालते, पण पाचटाचं छप्पर किंवा कडब्याची गंजी जवळ असेल तर हात लावू नका. उकिरडा गोठ्याच्या भिंतीला चिकटून नको. परसातल्या कोंबड्या गोठ्यात मोकळ्या सोडल्या तर खाली पडलेले गोचीड वेचतात. पण फवारलेल्या दिवशी त्यांना आत येऊ देऊ नका.

दोन धारांच्या वेळी कास, शेपटीचं मूळ आणि कान बघायची सवय लावा. गोचीड चिमट्याने कातडीला अगदी लागून धरून सरळ ओढा, पिळू नका. रॉकेल लावणं, विडीचा चटका देणं टाळा. चिडलेला गोचीड जास्त लाळ सोडतो. काढलेला जमिनीवर टाकला तर मादी तिथेच अंडी घालेल, म्हणून साबणाच्या गरम पाण्याच्या डब्यात टाका. नखांनी किंवा पायाने फोडू नका. हायलोमातून माणसाला क्रिमियन-काँगो ताप होऊ शकतो, २०११ मध्ये गुजरातेत तो आढळला होता. हातमोजे घाला, आणि गोचीड काढल्यानंतरच्या दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना गोचिडांच्या कामाबद्दल आवर्जून सांगा.

नवी गाय

घोटी, सिन्नरच्या बाजारातून किंवा पंजाब-हरियाणातून ट्रकने आणलेली गाय थेट दावणीवर बांधू नका. प्रवासाच्या ताणाने दबलेला परजीवी उसळतो, आणि तिच्या अंगावर तुमच्या भागातले नसलेले, कदाचित औषधाला निर्ढावलेले गोचीड असतात. तीन आठवडे वेगळ्या जागी ठेवा. आल्या दिवशी अमिट्राझ, १५ दिवसांनी पुन्हा. सकाळ-संध्याकाळ ताप मोजून वहीत लिहा. गाईचा नेहमीचा ताप १०१.५ च्या आसपास असतो, एप्रिलच्या दुपारी एचएफचा १०२.५ भरला तरी घाबरू नका, पण पहाटेच १०३ च्या वर असेल तर त्याच दिवशी गाठी चाचपा आणि स्लाइड बनवा.

थायलेरियाची लस आपल्या देशात तयार झालेली आहे. ती दोन महिन्यांवरच्या संकरित वासरांसाठी आहे, द्रव नायट्रोजनच्या थंडाव्यात ठेवावी लागते आणि वितळल्यावर लगेच टोचावी लागते. पशुवैद्यकीय दवाखान्यात नाव नोंदवून एका वेळी पंधरा-वीस वासरं गोळा केली तर कुपी वाया जात नाही. गाभण जनावराबाबत डॉक्टरांनाच विचारा. ही लस बबेसिया आणि ॲनाप्लाज्मापासून वाचवत नाही, आणि टोचल्यानंतर फवारणी राहिली तर बूफिलस तसाच चढत राहतो.